लाईट आली, पण सेन्सर आलाच नाही



आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे. हल्ली शाळेत आणि घरात बिनतारी उपकरणं वाढली आहेत. कॅमेरा, मोबाईलवरून चालू होणारा प्लग, गॅसगळती सांगणारा सेन्सर, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारा सेन्सर. दुकानात ती छान चालतात, कारण दुकानात लाईट असते. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जालना जिल्ह्यात अशी वस्तू घेताना ती लाईट असताना काय करते हे विचारू नका. लाईट जाऊन परत आल्यावर काय करते, ते विचारा.

हे मला चटका बसल्यावर कळलं. अंबड तालुक्यातल्या आमच्या घरी टाकीला सेन्सर बसवला होता. गेल्या मे महिन्यात रात्री वादळ झालं, लाईट गेली ती पहाटे आली. त्या दिवशी मी प्रशिक्षणाला जालन्याला होते. नळाला पाणी आलं तसा आईचा फोन आला. मी मोबाईल बघितला, टाकी ८० टक्के. म्हटलं, "आई, टाकी भरलेली आहे, मोटार लावू नकोस." ती म्हणाली, "बघ बाई, मला तर टाकी पोकळ वाजायली." मी म्हटलं, "मोबाईल खोटं बोलतो का?"

बोलत होता. तो आकडा रात्री लाईट जायच्या आधीचा होता. नळ गेला आणि संध्याकाळी टाकी कोरडी पडली. पुढचे चार दिवस आईने शेजारच्या बोअरवरून हंडे आणले.

असं का होतं? लाईट आली की सेन्सर काही सेकंदांत जागा होतो, पण वाय-फायच्या राऊटरला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात सेन्सर चार-पाच हाका मारतो, कोणी ओ देत नाही, आणि काही उपकरणं तिथेच नाद सोडतात. काही तर "मला नव्याने जोडा" म्हणून स्वतःचंच वाय-फाय सुरू करून बसतात. आणखी एक गंमत आहे. बऱ्याच स्मार्ट बल्बमध्ये बटण पटापट तीन ते पाच वेळा बंद-चालू केलं की सगळी जोडणी पुसली जाते, अशी सोयच असते. आता आपल्याकडे लाईट येताना कशी येते ते तुम्हाला माहीत आहे. येते, जाते, येते, जाते! बिचाऱ्या बल्बला वाटतं, मालकानेच पुसायला सांगितलं.

चौथीच्या वर्गात मी याचा खेळ घेतला. एक मुलगा राऊटर झाला. त्याने डोळे मिटून मनात १२० पर्यंत मोजायचं. बाकीचे सेन्सर. त्यांनी तीनदा हाक मारायची आणि खाली बसायचं. राऊटरने डोळे उघडले तेव्हा सगळा वर्ग बसलेला! दुसऱ्या फेरीत नियम बदलला. दहा आकडे मोजून हाक, मग वीस, मग चाळीस, पण सोडायचं नाही. आता राऊटरने डोळे उघडले तरी हाका चालूच होत्या, पण सगळ्यांच्या एकाच वेळी. त्याला एकही नाव कळेना. मग चिठ्ठ्या काढल्या. ज्याला जो आकडा येईल, तेवढं थांबून हाक मारायची. गोंधळ मिटला. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहानेट या बिनतारी जाळ्यातही हीच युक्ती होती: दोन संदेश आदळले की प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचा.

मुलांना हे लगेच पटलं, कारण मोटारीचा ऑटो स्विच त्यांनी शेतात बघितलेला असतो. लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. म्हणून तर ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

उपाय अवघड नाही. राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो. राऊटर बंदच पडला नाही, तर सेन्सरला तो जागा झाल्याबरोबर सापडतो. पण माझा खरा राग न जोडल्या जाण्यावर नाहीच. तुटलं तर तुटलं, निदान सांगावं! शाळेत पाऊस मोजताना आपण मुलांना आकड्यासोबत तारीख आणि वेळ लिहायला लावतो. वेळ न लिहिलेली नोंद आपण चूक धरतो. मग आपल्या मोबाईलमधला आकडा वेळेशिवाय कसा चालवून घेतो? ज्या ॲपमध्ये "शेवटची नोंद किती वाजताची" हे ठळक दिसत नाही, ते मी तरी पुन्हा घेणार नाही. पालकहो, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी गॅसचा सेन्सर बसवला असेल, तर हे आजच तपासा. त्याचं गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

या रविवारी घरात किंवा शाळेत एवढं करून बघा. मेन स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा, परत चालू करा. मग दहा मिनिटांनी मुलांना वही घेऊन फिरवा आणि काय परत आलं, काय नाही, ते लिहायला सांगा. तुमची यादी मला नक्की कळवा.