तर्पक कफ, ग्लिया पेशी आणि आम्लतेचा अर्थ

मेंदूतील ग्लिया पेशी म्हणजेच तर्पक कफ, असे समीकरण आपल्या व्याख्यानांतून ऐकू येते. पाठोपाठ निष्कर्षही येतो: आम्लता म्हणजे पित्त आणि हा कफ तिचे शमन करतो. समन्वयाचा हेतू स्तुत्य असला, तरी हा निष्कर्ष वस्तुस्थितीस धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्हिर्चो यांनी १८५६ मध्ये या पेशींना ‘चेतासंस्थेचा डिंक’ अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्यक्षात त्या केवळ जोडण्याचे काम करीत नाहीत. चेतापेशींभोवतीच्या द्रवाचा सामू सुमारे ७.३ असतो. चेतापेशी उद्दीपित झाल्या की या द्रवात पोटॅशियम वाढते. त्यामुळे अ‍ॅस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींच्या आवरणावरील विद्युत्भार बदलतो आणि सोडियमसह बायकार्बोनेट आत ओढले जाते. परिणामी पेशीच्या आत क्षारता वाढते, तर बाहेरचा द्रव किंचित आम्ल होतो. ही आम्लता एनएमडीए ग्राहींना आवर घालते. म्हणजे येथे ग्लिया आम्लतेचे शमन करीत नाही. तिच्याच साहाय्याने अतिउद्दीपनास लगाम घालते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. जठरातील आम्लतेचा या व्यवस्थेशी थेट संबंध नसल्याने, अम्लपित्ताच्या रुग्णास ‘अ‍ॅसिड मेंदूत चढले’ असे सांगण्यास आधार नाही. याउलट श्वसनाचा संबंध निकटचा आहे. जलद, खोल श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतील आम्लताही घटते आणि चेतापेशी अधिक उद्दीपनक्षम होतात. म्हणूनच ईईजी तपासणीत रुग्णास सुमारे ३ मिनिटे जोराने श्वास घ्यावयास लावतात. बालकांतील अ‍ॅबसेन्स प्रकारचे झटके त्याने प्रकट होतात. अपस्माराच्या रुग्णास भस्त्रिकेसारखा जलद प्राणायाम सरसकट सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे. आम्लता हीच वैरी मानणाऱ्या वैद्यास हा धोका दिसणारच नाही.

वाग्भटांनी तर्पक कफ सांगितला तो शिरःस्थानी राहून इंद्रियांचे तर्पण करण्याच्या कर्मावरून, एखाद्या पेशीवरून नव्हे. साम्य शोधावे; परंतु दोन्ही बाजू मुळातून अभ्यासून. घाईने जुळविलेल्या समीकरणाने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही आणि रुग्णाचे हितही साधत नाही. वैद्यबंधु-भगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.