पर्यटकाच्या व्हिशावर मजुरांची निर्यात

परदेशी जाण्याचा परवाना आता घरबसल्या मिळतो, याचे मोठे कौतुक चालले आहे. वकिलातीच्या दारातली रांग गेली, मुंबईची खेप वाचली. पासपोर्टाचे पान, एक छायाचित्र, परतीचे तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि परकीय चलनात पैसे भरणारे बँकेचे कार्ड एवढे जवळ असले की काम झाले. व्हिएतनामने तर १५ ऑगस्ट २०२३ पासून असा इलेक्ट्रॉनिक व्हिसा सर्व देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंत खुला केला. सुखवस्तू कुटुंबाच्या सहलीला यापरते काय हवे?

जालना जिल्ह्यातून पाहू गेल्यास चित्र पालटते. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या गावाची, त्याच्याच परिसरात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मंठा, परतूर, घनसावंगीकडची माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. अशा घरातला तरुण व्हिसा काढतो तो अंगकोरची देवळे पाहण्यासाठी नव्हे. त्याच्यापाशी कार्ड नसते, इंग्रजी अर्जाचा सराव नसतो. अर्ज भरतो दलाल, हॉटेलचे आरक्षण दाखवतो दलाल, आणि 'तिथे उतरल्यावर कामाचा परवाना होईल' असा भरवसा देतो तोही दलालच.

वस्तुतः १९८३ चा उत्प्रवासन कायदा अशाच माणसासाठी झाला. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परवाना हवा, त्याच्या शुल्काला मर्यादा हवी, दहावी न झालेल्याला अठरा देशांत कामासाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी हवी, असे त्याचे बंधन. मेख अशी की हे बंधन नोकरीला जाणाऱ्यापुरते आहे. कागदोपत्री पर्यटक झालेला मजूर संरक्षकाच्या दाराशी फिरकतच नाही. शिवाय त्या अठरांत थायलंड आहे. कंबोडिया, लाओस आणि म्यानमार नाहीत. आणि दहावी उत्तीर्ण झालेल्याला तर सरकारने शहाणा मानून या मंजुरीतून मोकळेच केले आहे! याच सरकारने जानेवारी २०१८ मध्ये कमी शिकलेल्यांच्या पासपोर्टाला नारिंगी वेष्टन घालण्याचे ठरवले होते. ओरड झाली तेव्हा महिनाअखेरीस माघार घेतली. गरीब माणूस दुरून ओळखू यावा ही युक्ती राज्यकर्त्यांना चटकन सुचते. दलाल ओळखू यावा ही मात्र सुचत नाही.

परिणाम जगासमोर आहेत. १० व ११ मार्च २०२५ रोजी वायुसेनेच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमधून परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारच्या सीमेवरील कोंडवाड्यांत त्यांना संगणकापुढे बसवून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले होते. पर्यटक व्हिशावर नोकरी करता येत नाही, असे इशारे परराष्ट्र मंत्रालय वारंवार काढते. ते इशारे दिल्लीत निघतात. भोकरदनच्या बसस्थानकावर दलालाची जाहिरात तेवढी वाचायला मिळते. मग 'मुलांनी सावध राहायला हवे होते' असे म्हणायला पांढरपेशे मोकळे!

दार बंद करा, असे कोणी म्हणत नाही. परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात दिला आहे आणि तो हक्क जालन्याच्या मजुराचाही आहे. परंतु परवानाधारक भरती संस्थांची यादी मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, बिनपरवाना दलालांवर गुन्हे दाखल करणे, उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय मराठवाड्यात आणणे आणि रोजगार हमीची कामे मागणी होताच सुरू करणे, यांतले काय अशक्य आहे? पहिल्या दोन आणि शेवटच्या कामासाठी तर जिल्हा प्रशासनाला दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही.