कागद कोणाच्या पेटीत आहे?



जमिनीची केस निघाली की तलाठ्यापासून प्रांतापर्यंत सगळ्यांचं एकच वाक्य, "कागद दाखवा." फॉरेस्टवाला म्हणतो कागद दाखव. सावकार म्हणतो कागद माझ्याकडे आहे, त्यावर तुझ्या बापाचा अंगठा आहे. आणि आता आपल्यातलीच थोडी शिकलेली पोरं म्हणायला लागलीत की कायदा म्हणजे कायदा, बापजाद्यांनी कागद केला नाही ही आपलीच चूक. या म्हणण्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहिते आहे.

जंगलाचा कायदा इथल्या मातीतला नाही. १८७८ चा असो की १९२७ चा, दोन्ही इंग्रजांनी केले. इंग्रज गेला, कायदा राहिला. मग इंग्रजाच्या स्वतःच्या गावात जमिनीचं, कर्जाचं आणि कागदाचं काय झालं, ते एकदा बघू. शाळेत आपण त्यांच्या राजांची नावं पाठ केली. त्यांच्या रयतेचं कोणी सांगितलं नाही.

१०६६ साली समुद्रापलीकडून नॉर्मंडीचा विल्यम आला आणि लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. जुन्या जमीनदारांच्या जमिनी काढून त्याने आपल्या सरदारांना वाटल्या. वीस वर्षांनी, १०८६ ला, त्याने सगळ्या मुलखाची मोजणी लावली. आधी जमीन कोणाची होती, आता कोणाची, नांगर किती, रान किती, त्यात डुकरं किती चरतात, सगळं लिहून काढलं. त्या वहीचं नाव डूम्सडे बुक. आता समजून घ्या. जमीन आधी घेतली, वही नंतर लिहिली. घेणाऱ्यानेच लिहिली. आणि त्या वहीत जे आलं ते खरं ठरलं.

याच राजांनी मोठमोठे मुलूख "फॉरेस्ट" म्हणून जाहीर केले. फॉरेस्ट म्हणजे नुसती झाडं नव्हेत. त्यात गावं होती, शेतं होती, माणसं होती. पण हरीण राजाचं, लाकूड राजाच्या परवानगीचं. हरीण मारलं म्हणून माणसाचे डोळे काढायचे, हातपाय तोडायचे, असा तो कायदा होता. बाराव्या शतकातल्या राजाच्या खजिनदारानेच लिहून ठेवलंय की जंगलाचा कायदा देशाच्या बाकीच्या कायद्यात बसत नाही, तो राजाच्या मर्जीवर चालतो. हे कोणी चळवळवाला बोलत नाही, राजाचा पैसा सांभाळणारा माणूस बोलतोय.

रान साफ करून शेत केलं तर तो गुन्हा. दंड पिकाप्रमाणे. गहू पेरला तर एकराला १ शिलिंग, ओट नावाचं धान्य पेरलं तर ६ पेनी. साहेब यायचे, मोजायचे, कोणी किती रान फोडलं, काय पेरलं ते लिहायचे आणि दंड घेऊन जायचे. शेत मोडत नव्हते. पुढच्या वेळी परत यायचे. आपल्याकडच्या गुन्हा-पावत्या आठवल्या का? कोंबडी गेली, दारूची बाटली गेली, वर पावती फाडली. त्यांच्याकडे आणि आपल्याकडे फरक इतकाच की आपल्या कितीतरी लोकांना पावती पण मिळाली नाही.

मग लोक आणि सरदार दोघेही या कायद्याला वैतागले. राजा अडचणीत आला, आणि १२१७ साली जंगलाची सनद निघाली. त्यात काय होतं? मागच्या राजांनी नव्याने जंगलात ओढलेला मुलूख मोकळा करायचा. हरणासाठी कोणाचा जीव किंवा हातपाय घ्यायचा नाही. आपल्या रानात डुकरं चारायची, मध घ्यायचा, तळं खोदायचं, शेत करायचं, याला मोकळीक. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एक तारीख धरून तोपर्यंत जेवढं रान फोडून शेत झालं होतं, तेवढ्याचा दंड माफ.

म्हणजे अतिक्रमण कायम करणं ही काही आपल्या मोर्च्याने काढलेली नवी टूम नाही. इंग्रजाने आपल्या देशात ती आठशे वर्षांपूर्वी मान्य केली. आणि तोच इंग्रज इथे आला तेव्हा १८७८ च्या कायद्यात त्याने काय लिहिलं? अमुक महिन्यांत साहेबापुढे येऊन हक्क सांगा, नाही सांगितला तर हक्क संपला. डोंगरातल्या ज्या माणसाला अक्षर येत नव्हतं, त्याला ही नोटीस कोणी वाचून दाखवली? स्वतःच्या घरात सनद आणि आपल्या घरात नोटीस, असा हा न्याय.

पण त्या सनदेचं नुसतं कौतुक पण नको. ती होती "स्वतंत्र" माणसासाठी. तिथली निम्म्याच्या आसपास रयत वेठीची कुळं होती. मालकाच्या शेतावर आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचं, पोरीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे भरायचे. त्यांना सनदेत जागा नव्हती. आपल्याकडे पण कायदा सातबारावाल्याला आधी ओळखतो आणि शेतावर राबणाऱ्याला शेवटी. मोठा आणि छोटा मिळून लढतात, आणि कागद लिहायची वेळ आली की मोठा आत बसतो, छोटा बाहेर उभा राहतो. संघटनेत हे होऊ द्यायचं नाही.

आता पुराव्याची गोष्ट. ११६६ च्या सुमाराला तिथे नियम आला की कोणाला निवाड्याशिवाय जमिनीवरून हुसकावलं, तर आजूबाजूची १२ माणसं बोलवायची. त्यांना विचारायचं, ही जमीन कोणाच्या ताब्यात होती? त्यांनी सांगितलं की त्याप्रमाणे ताबा परत. सनद कोणाकडे आहे हा पहिला प्रश्न नव्हता. ताबा कोणाचा होता हा पहिला प्रश्न होता, आणि उत्तर शेजाऱ्याने द्यायचं होतं. मग आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचा जबाब इतकी वर्षं का चालत नव्हता? बांध कोणी घातला, राब कोण भाजत होता, हे ज्यांनी डोळ्याने बघितलं त्यांचं बोलणं पुरावा नव्हतं, आणि जो एकदा जीपमधून येऊन गेला त्याची वही पुरावा होती? हा प्रश्न आपण प्रांताला विचारला पाहिजे.

कर्जाचं पण ऐका, कारण इथे आपली पोरं चुकायची भीती आहे. इंग्लंडात व्याजाने पैसे देणारे पुष्कळसे ज्यू होते. परके, परधर्माचे. बाकीचे बहुतेक धंदे त्यांना बंद होते, आणि राजा त्यांना आपली मालमत्ता समजून हवी तेव्हा जबर पट्टी बसवायचा. म्हणजे व्याज ते घ्यायचे आणि त्यातला मोठा घास राजा घ्यायचा. ११९० साली यॉर्क शहरात दंगा झाला. पुढे होते ते गरीब नव्हते, कर्जात बुडालेले जमीनवाले होते. सुमारे दीडशे ज्यू बाया, पोरं, पुरुष मेले. मग दंगेखोर मोठ्या चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळले.

कर्ज संपलं का? नाही. ११९४ ला राजाने हुकूम काढला की यापुढे प्रत्येक कर्जाचा कागद दोन प्रतींत करायचा आणि एक प्रत सरकारी पेटीत ठेवायची. पेटीला तीन कुलपं. सावकार मेला तरी कर्ज जिवंत राहील, अशी सोय झाली. पुढे पहिल्या एडवर्ड राजाने अशी कर्जं आपल्या राणीला, एलिनॉरला, देऊन टाकली. तिने त्या कागदांवर गहाण जमिनी गिळल्या, इतक्या की मोठ्या धर्मगुरूने तिला पत्र लिहून टोकलं. मठांनी पण असे कागद स्वस्तात घेऊन जमिनी जोडल्या. शेवटी १२९० ला राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर हाकललं. आणि जमिनी? त्या राणीकडे, मठांकडे, दरबाऱ्यांकडेच राहिल्या.

म्हणून सांगते, सावकार अमक्या जातीचा, तमक्या मुलखाचा, म्हणून त्याच्या जातीवर राग काढू नका. आपला झगडा व्याजाशी आहे, गहाणखताशी आहे, आणि त्या कागदाला ताकद देणाऱ्या कचेरीशी आहे. शेवटी जमीन कोणाच्या नावावर चढली ते बघा. खरा धनी तिथे सापडतो.

आता शेवटचं, आणि आपल्या मोर्च्यासाठी सगळ्यात कामाचं. १३८१ साली इंग्लंडची रयत उठली. गावोगावी त्यांनी मालकांच्या कचेरीतल्या वह्या जाळल्या, कारण वेठ त्या वह्यांत लिहिलेली होती. १४ जूनला लंडनबाहेर माइल एंड इथे चौदा वर्षांचा राजा रिचर्ड त्यांच्यापुढे आला. मागणी साधी होती. वेठ बंद करा, आणि जमिनीचा खंड एकराला ४ पेनी ठरवा. राजाने हो म्हटलं. सनदा लिहून दिल्या, शिक्का मारून. पुष्कळ लोक खूश होऊन, सनद घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी बोलणी करताना त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला. आणि २ जुलैला राजाने त्या सगळ्या सनदा रद्द केल्या. वीस दिवस पण टिकल्या नाहीत. मग फाशी सुरू झाली.

आता बघा, "लेखी आश्वासन मिळालं, मोर्चा मागे घ्या" असं आपल्याला किती वेळा सांगतात. आपल्यातले काही जण पण म्हणतात की साहेबाने सही केली, आणखी काय पाहिजे. साहेबाची सही काय, तिथे राजाचा शिक्का होता!

मग वेठ गेली कशी? त्याच्या आधी १३४८-४९ ला प्लेगने तिथली पुष्कळ माणसं मेली होती. राबणारे हात कमी झाले. मालकांनी १३५१ ला मजुरी बांधून टाकणारा कायदा केला, तरी लोक वेठीला जाईनात, गाव सोडून जास्त मजुरीला जायचे, जागोजाग अडून बसायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं, तेव्हा वेठ सैल झाली. कुळाच्या नावाची मालकाच्या वहीत जी नोंद असायची, तिची नक्कल कुळाच्या हातात यायला लागली. पुढे त्या नक्कलेवर राजाची कोर्टं पण निवाडा द्यायला लागली. म्हणजे कागद कामाला आला, पण तो कुळाच्या घरात होता आणि मागे लोक अडून उभे होते तेव्हा.

म्हणून कागद फेकू पण नका आणि कागदाला देव पण मानू नका. १९७४ चा कायदा म्हणतो की आदिवासीची गेलेली जमीन परत द्या. तो कायदा पण कागदच आहे. लोक उभे राहिले तिथे ताबा मिळाला, बाकीच्या ठिकाणी नुसती ऑर्डर मिळाली.

गावोगावच्या साथींनी एवढं करायचं. दंडाची प्रत्येक पावती जपायची, फाटकी असली तरी. पैसे दिले तर पावती मागायची, नाही मिळाली तर दिवस, गार्ड आणि रक्कम गावच्या वहीत लिहायची, चार जणांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. म्हाताऱ्यांचे जबाब ते जिवंत आहेत तोवर लिहून घ्यायचे. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, मग खावटी मिळो न मिळो. आणि आश्वासन घेऊन घरी जायचं नाही. मोजणी होऊन, सातबाऱ्यावर नाव चढून, नक्कल हातात पडेपर्यंत कचेरीपुढून उठायचं नाही.

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं जंगल!