हुकूम मोडणाऱ्यांची शरियत

‘शरियतमध्ये मूल बापाचं. कोर्ट कोण सांगणार?’ असं छातीठोकपणे बोलणारे आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत. मी त्यांना एकच विचारतो : कोणती शरियत? हनफी फिकहनुसार हिजानत, म्हणजे लहान मुलाचा सांभाळ, हा आईचा हक्क आहे. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. बाप वली. खर्च त्याने करायचा. यातलं सोयीचं तेवढंच उचलायचं, याला शरियत म्हणत नाहीत.

आईकडचेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. रविवारी दोन तास भेटीचा हुकूम असतो आणि नेमका रविवारीच मुलाला ताप येतो. ईदला बाप नवे कपडे घेऊन दाराबाहेर उभा. आत मूल गप्प. पोटगी नाही म्हणून भेट नाही, भेट नाही म्हणून पोटगी नाही! अरे, एकाने एक आदेश मोडला म्हणून दुसऱ्याला दुसरा मोडायची मुभा मिळत नाही.

1890च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालय मुलाचं हित बघतं. आदेश पटला नाही, तर अपील करा. परिस्थिती बदलली, तर आदेश बदलून मागा. जमातीच्या बैठकीत तो रद्द होत नाही.

सूरह बकराची 233वी आयत हेच बजावते की, मुलापायी ना आईला छळावं, ना बापाला. मग कोर्टाचा हुकूम मोडून आपण नेमका कोणाचा दीन वाचवतो आहोत?