‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरे किती?

संगणकाची आज्ञावली लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच ‘स्ट्रिंग’ भेटते. दोऱ्यात मणी ओवावेत तशी ओळीने मांडलेली मजकुराची माळ म्हणजे स्ट्रिंग. तिची लांबी मोजणे, पहिले अक्षर काढणे, ती उलटी करणे, दोन माळा ताडून पाहणे, एवढाच तो धडा. उदाहरणासाठी रोमन लिपीतला ‘हॅलो’ घेतला जातो, उत्तर पाच येते आणि वर्ग पुढे सरकतो.

त्याच विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव देऊन लांबी विचारली तर? मराठी डोळ्यांना ज्ञा, ने, श्व, र अशी चार अक्षरे दिसतात. संगणक दहा सांगतो. ही त्याची चूक नव्हे. प्राथमिक शाळेत व्यंजनाचा पाय मोडायला शिकवतात, तेच येथे घडते. ज, पाय मोडण्याचे चिन्ह, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा तेच चिन्ह, व आणि र असे दहा मणी संगणक वेगवेगळे ठेवतो. साठवणुकीचे बाइट मोजले तर आकडा तीस येतो, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक मणी तीन बाइट घेतो. ‘हॅलो’च्या बाबतीत या तिन्ही मोजण्या पाचच येतात. म्हणूनच केवळ इंग्रजी उदाहरणांवर पोसलेल्या विद्यार्थ्याला त्यांतील भेद कधी दिसतच नाही.

हा भेद न दिसल्याचे परिणाम व्यवहारात उतरतात. नावाचे आद्याक्षर मागितले की ‘ज्ञ’ऐवजी ‘ज’ हाती येतो. ‘मराठी’ हा शब्द उलटा केला की ‘ठीराम’ मिळत नाही. वेलांटी आधाराविना आरंभी लोंबकळते. वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण संगणकाच्या क्रमांकांत तो ‘व’च्या आधी बसला आहे. त्यामुळे निव्वळ क्रमांकांवर लावलेल्या यादीत ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ मागाहून येतो. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच, संगणकाला दोन. असा शब्द एखाद्याच्या आडनावात असेल, तर नोंद असूनही शोधात ती सापडणार नाही. आणि दोष मात्र आज्ञावलीऐवजी भाषेच्या माथी मारला जाईल.

वस्तुतः संगणकात देवनागरी उपरी नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिप्यांचे कार्य या क्षेत्रात पायाभूत ठरले. २०२३ साली युनिकोड १५.१ने जोडाक्षर अखंड मानण्याचा नियमही स्वीकारला. साधने सिद्ध आहेत. उणीव आहे ती शिकवण्याच्या सवयीत.

यासाठी नवा अभ्यासक्रम नको की मोठा निधी नको. शिक्षकाने फळ्यावर ‘हॅलो’शेजारी एक मराठी नाव लिहावे आणि बाइट, संकेत व अक्षर या तिन्ही मोजण्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्याव्यात. ताडून पाहण्यापूर्वी मजकूर एकरूप करावा आणि क्रम लावताना मराठीचा नियम वापरावा, हे दोन संस्कार तेव्हाच रुजवावेत. घरी संगणक शिकणाऱ्या मुलाला पालकांनीही स्वतःच्या नावाची लांबी मोजायला सांगावी. उत्तर पाहून तो थबकेल, आणि तेथूनच त्याचे खरे शिक्षण सुरू होईल. मातृभाषेचा अभिमान सभेत व्यक्त करणे सोपे असते. तो आज्ञावलीच्या ओळीत उतरला, तरच उद्याच्या यंत्रांना मराठी माणसाचे नाव नीट वाचता येईल.