अंगणातली कुंती



ताथवड्याला घर बांधले तेव्हा दारापुढे दहा फुटांचा मातीचा पट्टा उरला. शेजारी म्हणाले, "एक खोली काढा, कंपनीतली पोरं भाड्यानं राहतील." घराचा हप्ता चालू होता, हिशोब पटण्यासारखा होता. पण आई आडवी आली. ती म्हणाली, "गावाला आमच्या वस्तीला पाणी वरून ओतायचे. प्यायलाच पुरत नव्हतं, झाडाला कुठलं घालणार? आता नळ दारात आहे. एक तरी झाड लाव."

खोली राहिली, कुंती लागली.

कुंतीला कोणी कामिनी म्हणतात. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या गोतातले हे झुडूप. पाने बारा महिने हिरवी, फुले पांढरी आणि वास असा की संध्याकाळी गल्लीतून जाणारा थांबतो.

लावायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. दीड फूट खड्डा घ्या, मातीत कुजलेले शेणखत मिसळा. काळी चिकट माती असेल तर तळाशी विटांचे तुकडे टाका, पाणी साचले की मुळे कुजतात. भिंतीपासून तीन फूट अंतर ठेवा. निदान अर्धा दिवस ऊन हवेच. बियांपासूनही रोप होते. लाल पिकलेले फळ चोळून गर काढावा आणि बी ताजे असतानाच पेरावे. मात्र अशा रोपाला फुले यायला काही वर्षे लागतात. घाई असेल त्यांनी रोपवाटिकेतून कलम आणावे.

चाळीत राहणाऱ्यांनी चौदा इंची कुंडी घ्यावी. कंपनीतून आणलेला केमिकलचा ड्रम मात्र वापरू नका, धुतला तरी भरवसा नाही. बहर ओसरला की शेंडे हलके छाटा. सारखी कात्री चालवली तर फुले येत नाहीत, कारण ती नव्या शेंड्यांवरच येतात. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, मग निंबोळी तेल. लिंबाचे झाड असेल तर कुंती जरा लांब लावा, दोघांवर एकच कीड येते.

पावसाची सर पडून गेली की कुंती बहरते, म्हणजे नेमकी वर्षावासात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा घरची फुले नेता येतात. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे जाताना आपण विकतचे हार, तेही प्लास्टिकच्या पिशवीत नेतो. त्यापेक्षा घरच्या फुलांची ओंजळ बरी.

कुंतीचे फूल एक-दोन दिवसांत गळते. आई पहाटे पाकळ्या वेचते आणि नातवाला सांगते, "हे कोमेजतं तसंच आपलं शरीर." पुष्पपूजेचा अर्थ त्याला तिथेच कळला. धम्मपदात फुलांवर पुप्फवग्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. शीलाचा सुगंध फुलांच्या सुगंधाहून श्रेष्ठ, असे त्यात सांगितले आहे. मुलांना ते समजावताना हातात फूल असले तर बरे पडते.

भाडे बुडाले, हे खरे. पण ज्या बाईला हक्काचे पाणी मिळाले नाही, ती आज आपल्या नळाचे पाणी आपल्या झाडाला घालते. त्याचा हिशोब मला वहीत मांडता येत नाही.

आमच्या झाडाला फळे लागली आहेत. पिकली की विहारात आणीन, ज्याला हवी त्याने न्यावी.

जयभीम! नमो बुद्धाय!