विश्लेषण : अंगणात बांधलेला कुत्रा राखणदार की बिबट्याचे आमिष?

डिसेंबर 2025 मध्ये अलिबागजवळच्या नागावात बिबट्याने काही जणांना जखमी केले आणि रायगडच्या किनारपट्टीवर बिबट्याची चर्चा सुरू झाली. तळा, रोहा, मुरूड या डोंगराळ तालुक्यांना तो नवा नाही. फणसाड अभयारण्य 1986 पासून मुरूड-रोह्याच्या डोंगरात आहे आणि तळा त्याच्या शेजारीच. त्यात अनेक घरे मुंबईला गेलेल्यांची, कुलूपबंद. शेते ओस पडल्याने रान थेट परसापर्यंत आलेले. अशा गावात बिबट्याची गाठ माणसाआधी पडते ती ओटीबाहेर झोपलेल्या कुत्र्याशी.

बिबट्या नेमके काय खातो?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव व वस्तीतल्या प्राण्यांचा वाटा 87 टक्के निघाला. एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के, मांजरांचा 15 टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा सुमारे सातपट असूनही त्यांचा वाटा जेमतेम 11 टक्के होता. शेळी दिवसा राखणीखाली आणि रात्री गोठ्यात असते. कुत्र्या-मांजरांना मात्र कोणी आत घेत नाही. अकोले उसाचा पट्टा, त्यामुळे हे आकडे कोकणच्या जंगलाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण बंद दाराने किती फरक पडतो, हे त्यातून कळते.

म्हणूनच राखणीसाठी रात्रभर साखळीला बांधलेला कुत्रा हा सर्वांत वाईट तोडगा. त्याला पळता येत नाही आणि भुंकून तो आपली जागा सांगतो. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळा धरतो. (2025 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांनीच असे पट्टे घातले, यावरून भीती किती होती ते कळावे.) पण मेंढपाळांचे कुत्रे दांडगे असतात, लहान कुत्र्याला पट्टा वाचवत नाही. रात्री त्याला दार असलेल्या पडवीत घेणे हाच खरा उपाय. मांजरालाही तेच लागू.

खुराड्यातला चोर वेगळा

कोंबडी गेली की नाव बिबट्यावर जाते. प्रत्यक्षात मुंगूस, उदमांजर, रानमांजर किंवा अजगर यांची शक्यता जास्त. बाजारातली षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. जाड तारेची, बारीक घरांची जोडजाळी लागते. ती जमिनीत फूटभर पुरावी किंवा दगडी जोत्यावर बसवावी आणि वरूनही घालावी, कारण उदमांजर छपरावरूनच येते. मासळीची आतडी आणि कोंबडीची पिसे घरामागे टाकण्याची सवय त्याहून महागात पडते : त्यावर मोकाट कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

पिंजरा लावला तर?

गावाची पहिली मागणी हीच असते. जुन्नर परिसरात 2001 नंतर अनेक बिबटे पकडून दूर सोडले गेले. पुढे जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढल्याचे अभ्यासात दिसले. शिवाय भक्ष्य तेच राहिले तर रिकाम्या जागेवर दुसरा बिबट्या येतो. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी, पण केवळ दिसला म्हणून पिंजरा लावण्याने फारसे साधत नाही.

भरपाई कोणाला?

राज्य सरकारच्या 2022 च्या निर्णयानुसार शेळी-मेंढी मारली गेल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांतली कमी रक्कम मिळते. त्यासाठी 48 तासांत कळवावे लागते आणि पंचनाम्याआधी मृत जनावर हलवायचे नसते. कुत्र्या-मांजराची भरपाई नाही, त्यामुळे ते गेल्याचे कळवायला सहसा कोणी जात नाही. बिबट्या एखाद्या वाटेने नेमाने येऊ लागल्याची पहिली खूण मात्र बहुधा तीच असते. पैसे मिळणार नसले तरी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवले, तर पुढच्या रात्रीआधी शेजारच्यांना सावध करता येते.